आतलं माप

माझ्या नावापुढं बी. ए. ही अक्षरं कुणामुळं लागली असं कुणी विचारलं, तर मी मल्लाप्पा बडिगेर यांचं नाव सांगतो. विचारणारा बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या नावाची वाट पाहत असतो. मल्लाप्पामामा प्राध्यापक नव्हते. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका मोटार कारखान्यात ते चाकं बसवत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. टायरवर छापलेले इंग्रजी आकडे ते बिनचूक वाचत, पण मराठी आकडे त्यांना येत नसत. भिंतीवरच्या पंचांगातली तारीख रोज सकाळी मी त्यांना सांगायचो. तेव्हा ते माझ्याकडं असं पाहत, की जणू ती तारीख मी आत्ताच मनानं ठरवली आहे.

मी दुधनीजवळच्या एका खेड्यातला. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. घरात शाळेत गेलेला मी पहिलाच. सोलापूरला वसतिगृहात राहून मॅट्रिक झालो आणि पुढं काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं म्हणून तिथंच थांबलो. सत्तावीस-अठ्ठावीस सालच्या सुमाराची ही गोष्ट. शहरात मोटारी वाढत होत्या. कारखान्याच्या मालकांना सगळे दादासाहेब म्हणत. मुंबईहून येणारे इंग्रजी कॅटलॉग वाचायला आणि मागणीची पत्रं लिहायला त्यांना माणूस हवा होता. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी मल्लाप्पामामांनी मला 'मास्तर' अशी हाक मारली आणि संध्याकाळपर्यंत तेच माझं नाव होऊन बसलं. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला कधीच नीट कळलं नाही.

मामा उंच, काटकुळे होते. एका खांद्यावरून जानवं आणि दुसऱ्या खांद्यावरून एक सुतळी, अशा दोन दोऱ्या त्यांच्या छातीवर फुलीसारख्या दिसत. सुतळीला इंचाइंचावर गाठ होती आणि दर सहाव्या गाठीला लाल दोरा बांधलेला होता. इंजिनाचं काम करणारे इब्राहीमचाचा त्यांना विचारत, की या दोन्हींतली एक टाकून द्यायची वेळ आली तर कुठली टाकाल. मामा म्हणत, "जानवं बामणाकडनं दुसरं मिळतंय. सुतळी कुणाकडनं आणू?"

त्यांचं मूळ काम बैलगाडीची चाकं करण्याचं. भीमेकाठच्या त्यांच्या गावात तीन पिढ्या घरात तेच चाललेलं. कुणा व्यापाऱ्याच्या मोटारीच्या चाकाचे लाकडी आरे त्या गावाजवळ मोडले, मामांनी बाभळीचे नवे आरे करून दुसऱ्या दिवशी गाडी चालती केली, आणि त्या व्यापाऱ्यानं त्यांना उचलून सोलापूरला आणलं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी तापवून चढवतात, तिला धाव म्हणतात. मामा मोटारीच्या रबरी टायरलाही धावच म्हणत. फरक सांगायची वेळ आली तर 'हवेची धाव' म्हणत.

चाक ते कधी उचलत नसत. किती का जड असेना, तळहातानं ढकलत अंगणभर घेऊन जात. चाकाला उचललं तर ते रुसतं, अशी त्यांची समजूत होती. दुरुस्तीला आलेल्या चाकावर आधी बोटाच्या पेरांनी टकटक करायचे, कान लावायचे, मग म्हणायचे, "बोलतंय." किंवा नुसती मान हलवायचे. मान हलवली, की त्या चाकाचा एखादा आरा ढिला निघायचाच.

आणि ते मोटारीत कधीही बसत नसत. शहरातल्या निम्म्या मोटारींची चाकं त्यांच्या हातची, पण घरी जाताना ते चालत जात. कुणी आग्रह केलाच तर म्हणत, "आत बसून चाक कळत न्हाय. भाईरनं ऐकाय लागतंय."

त्यांच्या कामाचा सगळा जीव एकाच प्रश्नात होता. कुणीही टायर घ्यायला आलं, की ते विचारत, "आतनं किती?" गाडी कुणाची, कुठल्या कंपनीची, किती सालची, यातलं काही विचारत नसत. लोक टायरवरचा आकडा सांगत. मामा तो ऐकून घेत आणि तरीही सुतळी काढून चाकाच्या लाकडावर या कडेपासून त्या कडेपर्यंत धरत.

एकदा एक वकील आले. त्यांच्या शेजारच्या वकिलांनी नवी गाडी घेतली होती, तिचे टायर रुंद होते. यांनाही आपल्या जुन्या, बारीक गाडीला तसेच रुंद टायर हवे होते. मी कॅटलॉग काढून बसलो. वकीलसाहेब मोठ्या गोडीनं चित्रं पाहू लागले. मामांनी आपल्या पायातलं पायताण काढलं. ते केवढं तरी मोठं, टाचेला झिजलेलं. वकिलांच्या चकचकीत बुटाशेजारी त्यांनी ते नीट जोडीनं ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, हे घालून उद्या कोर्टात जावा. लई रुंद हाय." वकील आधी रागावले, मग स्वतःच्या पायांकडं पाहत राहिले, आणि मग इतके हसले की त्यांना बसायला स्टूल द्यावं लागलं. जुन्याच मापाचे टायर घेऊन ते गेले. जाताना मामांना म्हणाले, की तुम्ही आमच्या धंद्यात नाही हे आमचं नशीब.

आता डॉक्टरीणबाईंच्या गाडीची गोष्ट सांगतो, कारण माझी चूक त्यात आहे.

बाई बाळंतपणं करत. त्यांच्या वडलांची एक जुनी अमेरिकन मोटार होती, महायुद्धाच्या आधीची. लाकडी आऱ्यांची उंच चाकं, पितळेचे दिवे, हातानं दाबायचा भोंगा. ती त्या स्वतः चालवत आणि शहरातली पोरं तिच्यामागं धावत. नव्या बुटक्या गाड्या ओढ्यात पोटावर बसत. ही उंच गाडी कुठंही जाई. म्हणून बाई ती विकत नव्हत्या. पण तिचे टायर बारीक आणि दगडासारखे कडक होते. खेड्यातून अडलेली बाई आणायची म्हटलं, की हा कडकपणा जाचायचा.

त्याच दिवसांत मामांची लेक गौरव्वा गरोदर होती. भीमेकाठच्या एका गावी तिला दिलेलं. रेल्वे तिथून लांब. आदल्या खेपेला आठव्या महिन्यात ती बैलगाडीनं माहेरी यायला निघाली आणि वाटेतच मूल गेलं. ती बैलगाडी मामांनीच लग्नात दिलेली, चाकं त्यांच्याच हातची. त्यानंतर त्यांनी बैलगाडीचं एकही चाक केलं नाही. डॉक्टरीणबाईंनी गौरव्वाला तपासून सांगितलं होतं, की या खेपेला नववा लागला की तिला सोलापूरला माझ्याकडं आणा, पण हिसके बसू देऊ नका. मामा म्हणाले, तुमच्याच गाडीतनं आणू या. बाई म्हणाल्या, हिसक्यांत माझीही गाडी काही कमी नाही.

किती हिसके बसतात हे मामांनी मोजून पाहिलं. त्यांनी पितळेची कळशी पाण्यानं काठोकाठ भरली आणि बाईंच्या गाडीच्या मागच्या गादीवर ठेवली. इब्राहीमचाचा गाडी अक्कलकोट नाक्यापर्यंत नेऊन परत घेऊन आले. कळशीत निम्मं पाणी उरलं होतं आणि गादीतून खाली धार लागली होती. दादासाहेब गादीसाठी हळहळले. बाई कळशीत डोकावून म्हणाल्या, "मल्लाप्पा, इथं बाळंतीण बसते."

कळशी घेऊन मामा माझ्या टेबलाशी आले आणि ती कॅटलॉगावर ठेवली.

नुकतेच नव्या तऱ्हेचे टायर निघाले होते. जाड, कमी हवेचे, मऊ. आम्ही त्यांना फुग्याचे टायर म्हणायचो. बाईंनी ते मागवायला सांगितलं. त्यांच्या जुन्या टायरवर लिहिलं होतं, तीस गुणिले साडेतीन. कॅटलॉगात फुग्याचा टायर होता, तीस गुणिले साडेचार. मला आनंद झाला. चाक तीसचं, टायर तीसचा, फक्त जाडी एक इंच जास्त. मी मागणी लिहायला घेतली.

मामांनी विचारलं, "मास्तर, आतनं किती?"

मी म्हणालो, तीस. ते म्हणाले, तीस तर लिहिलंय, आतनं किती ते विचारतोय. मी त्यांना जरा मोठेपणानं समजावलं, की इंग्रजी पुस्तकात दोन्हीकडं तीस छापलंय, आणि छापलेलं चुकत नसतं. वर असंही म्हणालो, की प्रत्येक गोष्टीला सुतळी लावायचे दिवस गेले. मामांनी खांद्यावरची सुतळी एकदा बोटांत घेतली, सोडून दिली आणि आपल्या कामाला गेले. मी ते पाहिलं, आणि तरी पत्र टपालात टाकलं.

टायर आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. गौरव्वाला नववा लागायला पंधरा दिवस होते. मामांनी सकाळीच बाईंच्या गाडीचं एक चाक काढून ठेवलं होतं. कागद सोडले. नवा टायर काळाभोर, जाड, वासानंच छान वाटावं असा. इब्राहीमचाचांनी तो चाकावर ठेवला. टायर चाकावर बसेना. एका बाजूनं आत ढकलला तर दुसरी बाजू वर राही. चाचा आणि दोन माणसं त्याच्यावर उभी राहिली. तरी नाही.

"क्या मास्तर," चाचा म्हणाले, "तुम्हारी अंग्रेजी में तीस बी छोटा-मोठा होता क्या?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मामा पुढं आले, सुतळी टायरच्या आतून आडवी धरली आणि लाल दोऱ्यांवरून गाठी मोजल्या. एकवीस. मग चाकाच्या लाकडावर धरली. तेवीस.

तेव्हा मला कळलं, पण फार उशिरा. तीस हे माप बाहेरचं होतं, हवा भरलेल्या टायरचं. टायर जाड झाला तशी त्याची जाडी आतल्या बाजूनं वाढली होती. जुन्या टायरची साडेतीन दोन्हीकडून वजा केली की तेवीस उरतात, नव्याची साडेचार वजा केली की एकवीस. तिसरीच्या मुलानं केली असती अशी वजाबाकी. कॅटलॉगात ती बारीक अक्षरांत दिलेलीही होती. नव्या टायरची कडसुद्धा वेगळी, म्हणजे त्याला लोखंडी रिमही वेगळी लागणार होती.

दादासाहेब मला कडक शब्दांत बोलले. बदलून मागवायचे तर महिना गेला असता. तेवढे दिवस गौरव्वापाशी नव्हते. दादासाहेबांच्या बोलण्याचं मला काही वाटलं नाही. मामा त्या चाकाशी उकिडवे बसले होते आणि त्यांच्या पाठीकडं पाहणं मला जमत नव्हतं. मी टेबलावरचे कागद आवरले आणि माझी पिशवी उचलली. घरी मेंढरं होतीच.

मामांनी मागं न वळताच विचारलं, "कुटं निघालासा, मास्तर?"

मी म्हणालो, गावाकडं. मी चुकलो.

"व्हय, चुकलासा," ते म्हणाले. मग त्यांनी चाकावरून तळहात फिरवला. आणि एकदम हसायला लागले. एखाद्याला हरवलेली किल्ली कमरेलाच सापडावी तसं ते हसत होते. "पर धाव चुकली न्हाय की. धाव चांगली हाय, मऊ हाय. चाक चुकलंय. चाक करणारा हितंच बसलाय न्हवं? पिशवी ठेवा खाली. कागुद घ्या, आणि मी सांगतो ते आकडं लिवा."

कारखान्याच्या मागं एक नव्या तऱ्हेची गाडी पडून होती, झाडावर आपटून मोडलेली. तिच्या रिमा फुग्याच्या टायरच्याच होत्या, एकवीस इंची. मामांचा बेत असा होता, की बाईंच्या चाकांचे आरे टोकाला इंच-इंच कापायचे, त्यांच्यावर नवीन, लहान लाकडी कडं बसवायचं आणि त्यावर ती रिम चढवायची. आतून दोन इंच कमी झालं तरी जाड टायरमुळं बाहेरून गाडी तीसचीच राहणार होती. म्हणजे तिची उंची जाणार नव्हती आणि हिसके जाणार होते. मामांनी हे समजावून सांगितलं तेव्हा इब्राहीमचाचांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. पुढचे बारा दिवस मी फक्त आकडे लिहिले. प्रत्येक आकडा मामा मला दोनदा मोजायला लावत. एकदा त्यांच्या सुतळीनं, एकदा माझ्या लोखंडी पट्टीनं. दोन्ही जुळले, की म्हणायचे, "साकु." म्हणजे पुरे.

रिम लाकडावर घट्ट बसवायची तर ती तापवून चढवायला हवी, बैलगाडीच्या धावेसारखी. मामांनी कारखान्याच्या अंगणात गोवऱ्यांचं गोल कडं रचायला घेतलं. दादासाहेब बाहेर आले, त्यांनी गोवऱ्या पाहिल्या, मग भिंतीशी ठेवलेले पेट्रोलचे डबे पाहिले, आणि मोठ्या मालकाला न शोभेल अशा वेगानं डब्यांकडं धावले. शेवटी सगळं मागच्या मोकळ्या रानात हलवलं. गोवऱ्या पेटल्या. रिम तापून तिचा रंग पालटला. दोघांनी चिमट्यांनी ती उचलून चाकावर टाकली, लाकडातून धूर निघाला, आणि मामा ओरडले, "पाणी." चारी बाजूंनी बादल्या ओतल्या. वाफेत चाकही दिसेना आणि मामाही दिसेनात. आतून फक्त लाकूड करकरल्याचा आवाज येत होता आणि त्याच्यावर मामांचा आवाज, "बोलतंय, बोलतंय." रस्त्यावरचे लोक जमले होते. मोटारीचं चाक गोवऱ्यांवर शिजवतात ही बातमी त्या दिवशी शहरभर झाली.

पाच चाकं झाली, जादाचं धरून. कळशी पुन्हा गादीवर ठेवली गेली. चाचा तिला नाक्यापर्यंत नेऊन परत आले. मामांनी कळशीत हात घातला नाही, डोकावलेही नाहीत. गादीवर तळहात फिरवला. एक ओंजळभर ओल होती. त्यांनी तो ओला हात आपल्या डोळ्यांना लावला.

गौरव्वाला आणायला बाई स्वतः गाडी घेऊन गेल्या. पुढं त्यांच्या शेजारी मी, पंप आणि पाना घेऊन. मामांना मागं बसा म्हटलं तर बसेनात. शेवटी दरवाज्याखालच्या पायफळीवर उभे राहिले, एका हातानं टप धरून, मान चाकाकडं वाकवून. जाताना सगळी वाट ते तसेच होते. ओढे लागले, काळ्या मातीच्या चाकोऱ्या लागल्या, बैलगाडीवाले बैल धरून बाजूला उभे राहिले आणि पायफळीवरच्या उंच माणसाकडं पाहत राहिले. मधे मधे मामा वाकून सांगत, "बाई, जरा सावकास. डावं मागलं नीट बोलत न्हाय." आणि मी खाली उतरून पाहिलं, की हवा खरंच थोडी जास्त असायची.

परत येताना गौरव्वा मागं तिच्या सासूच्या मांडीवर डोकं ठेवून होती. मामा पुन्हा पायफळीवर. निम्म्या वाटेवर सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना खूण केली. मामांनी खिडकीतून आत पाहिलं. गौरव्वा झोपली होती. काळ्या मातीच्या त्या वाटेवर, ओढ्याच्या उतारावर ती गाढ झोपली होती. बाईंनी गाडी थांबवली आणि दबक्या आवाजात मामांना म्हणाल्या, "मल्लाप्पा, आता तरी आत या." आणि आयुष्यात पहिल्यांदा मामा मोटारीत बसले. लेकीच्या पायांशी, अंग चोरून, पाय जमिनीला न टेकवता, जणू त्यांच्या वजनानं ती जागी होईल. सोलापूर येईपर्यंत त्यांनी चाकाचा आवाज ऐकला नाही. निदान त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

महिनाभरानं गौरव्वाला मुलगी झाली. धडधाकट, गालफुगी. नाव बारशाला भागीरथी ठेवलं, पण इब्राहीमचाचा पेढे खाताना म्हणाले, ही फुग्याच्या टायरवरून आली, हिचं नाव फुगी. तेच टिकलं.

त्यानंतर मामांनी मला एक कोरी वही आणून दिली. शहरातल्या प्रत्येक मोटारीचं आतलं माप लिवून ठेवा, म्हणाले, म्हंजे दुसऱ्या कुणा मास्तराची पाळी यायची न्हाय. मी दीड वर्ष ती वही भरली. कुठली गाडी, कुणाची, छापलेला आकडा काय, सुतळीचा आकडा काय. एक दिवस डॉक्टरीणबाई हवा भरायला आल्या असताना त्यांनी ती वही चाळली. बराच वेळ चाळली. मला म्हणाल्या, तुम्ही इथं काय करताय, कॉलेजात जा. पुण्याला एका वसतिगृहाचे चालक त्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्या नावानं बाईंनी मला चिठ्ठी दिली.

मी घाबरलो. आमच्याकडं कॉलेज म्हणजे दुसऱ्या लोकांची गोष्ट होती. मी बाईंना नाही म्हणणार होतो. मामांनी मला चाकाशी बोलावलं आणि काम न थांबवता विचारलं, काय ठरलं. मी सांगितलं, की कॉलेज फार मोठं असतं, मी तिथं बसणार नाही.

"कुणी मोजलंय?" ते म्हणाले.

मी पायाशी पडलेला पाना उचलून जागेवर ठेवला.

"भाईरचा आकडा बघून तुमी एकदा चुकलासा, मास्तर. परत तेच करताय. जावा. आतनं किती हाय ते मोजा. न्हाय बसलं तर या परत, हितं लई चाकं हायत. पर न मोजता न्हाय म्हनू नका."

मी गेलो. दर वर्षी जूनमध्ये मी पुण्याला निघालो, की मामा स्टेशनावर यायचे. मला त्यांचं शेवटचं दिसणं आठवतं ते बी. ए.च्या वर्षाला जातानाचं. मी खिडकीत बसलो होतो आणि ते फलाटावर माझ्यासमोर उभे होते. इतक्यात एक रेल्वेचा माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या चाकांवर टणटण वाजवत आला. मामा हलले. त्याच्या मागं गेले, त्याच्याशी काहीतरी बोलले, आणि दोघंही डब्याखाली वाकले. मला फक्त त्यांची वाकलेली पाठ आणि तिच्यावरची सुतळी दिसत होती. शिट्टी झाली. मी हाक मारली. गाडी हलली तेव्हा ते सरळ झाले. चेहऱ्यावर असा आनंद, की मला वाटलं ते मला आशीर्वाद देतील. ते डब्याबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "मास्तर, आगगाडीला बी धावच हाय की. तापवूनच बसीवत्यात." मग त्यांनी हात वर केला. तो माझ्यासाठी होता की चाकासाठी, मला सांगता येणार नाही.

त्या वर्षी ते काम सोडून गौरव्वाकडं राहायला गेले. मला शिक्षकाची नोकरी दूर खानदेशात लागली आणि पुन्हा भेट झाली नाही. पण निकाल लागला त्या दिवशी मी त्यांना पत्र लिहिलं. फुगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि गावच्या शाळेत नुकतीच जाऊ लागली होती. आजोबांना ते तिनंच वाचून दाखवावं अशी माझी इच्छा होती. म्हणून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि एकही जोडाक्षर येऊ दिलं नाही. तीनदा खोडलं. पत्राची नक्कल अजून माझ्याजवळ आहे. ती अशी:

मामा,

मी बी. ए. झालो.

फुगी, हळू वाच. आजोबा घाई करतील. करू दे.

मामा, कॉलेज बाहेरून फार मोठं दिसत होतं. मी आतून मोजलं. दोनदा मोजलं. मी मावलो.

आता मी शाळेत मुलांना शिकवणार आहे. नवीन मूल आलं की आधी विचारीन, आतून किती? बाहेरचा आकडा नंतर पाहीन.

फुगी, आजोबांना सांग, आगगाडीची चाकं मी रोज ऐकतो. बोलतात.

मामा, साकु.

तुमचा
मासतर